ऑक्टोबरफेस्टला आरक्षण नाही, माणसं सहा, हातात एक शनिवार-रविवार: काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सहा मित्र, चौघे फ्रँकफर्टला नोकरीत, दोघे नेदरलँड्समधून येणार. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात शुक्रवार ते रविवार म्युनिकला ऑक्टोबरफेस्ट, म्हणजे तिथली बिअरची जत्रा करायचीय. बिअरच्या तंबूत आरक्षण मिळालं नाही. एका वेबसाइटवर शनिवार संध्याकाळची जागा माणशी चारशे युरोंना दिसतेय. दोघे शाकाहारी, एक पीत नाही. जमेल का, ती जागा घ्यावी का, खर्च किती येईल?

जमेल. चारशेची जागा घेऊ नका. आणि शनिवारी संध्याकाळी तिथे असायचंच हा हट्ट सोडा. तेवढा सोडलात तर बाकीचं सगळं सोपं आहे.

मी बरीच वर्षं म्युनिकमध्ये आहे. शिकत असताना एका मोठ्या तंबूच्या मग धुण्याच्या खोलीत काम केलंय, आणि आता दर सप्टेंबरात कुणाचे ना कुणाचे पाहुणे माझ्या गळ्यात येतात, त्यामुळे ही जत्रा दोन्ही बाजूंनी पाहून झालीय.

आधी त्या चारशे युरोंचं बघू. ऑक्टोबरफेस्टला तिकीट नसतं. मैदानात शिरायला पैसे पडत नाहीत, तंबूत शिरायलाही नाहीत. विकलं जातंय ते कुणीतरी करून ठेवलेलं टेबलाचं आरक्षण. मोठे तंबू आरक्षण देतात ते अख्ख्या टेबलाचं, दहा जणांचं. जागेचे असे पैसे घेत नाहीत. माणशी साधारण दोन लिटर बिअर आणि अर्ध्या कोंबडीची कुपनं आगाऊ घ्यायला लावतात. म्हणजे माणशी पन्नासेक युरोंचा माल, आणि तोही तुम्हीच खाणार-पिणार. मधले दलाल तेच चारशेला विकतात. तंबूंच्या नियमांत ही फेरविक्री बसत नाही, म्युनिकच्या कोर्टात तंबूवाल्यांनी अशा विक्रेत्याविरुद्ध निकालही मिळवलाय. दारातल्या माणसाने कागद मान्य केला नाही तर तुमचे चोवीसशे युरो गेले आणि शनिवारी संध्याकाळी सहा जण बाहेर थंडीत.

आता मुख्य नियम: बसलेल्यालाच बिअर मिळते. काउंटरवर जाऊन मग घेऊन या, असा प्रकार तिथे नाही. तुमच्या टेबलाची वेट्रेस आणून देईल तेवढंच. होफब्रॉयच्या तंबूत उभ्याने पिणाऱ्यांसाठी एक भाग राखलेला असतो, तो अपवाद; पण तिथली गर्दी आणि गोंगाट पाहता मी पाहुण्यांना तिकडे नेत नाही. तेव्हा सगळा खेळ बाकड्यावर जागा मिळवण्याचा, आणि बाकडं कधी मोकळं असतं हे कळलं की आरक्षणाचं दुःख उरत नाही. प्रत्येक मोठ्या तंबूत काही भाग आरक्षणाविना ठेवायचा अशी शहराची अटच आहे. शिवाय आरक्षित टेबलांवर एक चिठ्ठी असते: अमुक वाजल्यापासून राखीव. संध्याकाळचं आरक्षण चार-पाच वाजता सुरू होतं. तोवर त्या टेबलावर कुणीही बसावं.

म्हणून शुक्रवार तुमचा. अर्धी रजा टाका आणि दुपारी एकच्या आत मैदानात पोचा. कामाच्या दिवशी बिअर सकाळी दहाला सुरू होते, पण दुपारपर्यंत निवृत्त आजोबा, ऑफिसातली जेवायला आलेली मंडळी आणि शाळेतली पोरं एवढेच असतात. सहा जणांनी एकत्र रिकामं टेबल शोधत फिरू नका. सहा जागा सलग मिळणं अवघड, तीन आणि तीन मात्र लगेच मिळतात. बसलेल्या माणसाला 'इस्त हिअर नोख फ्राय?' म्हणजे इथे जागा आहे का, एवढं विचारायचं. नाही म्हणाला तर वाईट वाटून घेऊ नका, त्याचे मित्र खरंच येणार असतात. हो म्हणाला तर तो सरकतो, तुमच्या नावाने मग उचलतो, आणि अर्ध्या तासात तुम्हाला त्याच्या जावयाचे दोष माहीत झालेले असतात. अनोळखी माणसांशी एका बाकड्यावर बसणं हीच या जत्रेतली सगळ्यात चांगली गोष्ट आहे, आणि दहा ओळखीच्यांचं टेबल राखून गेलात तर नेमकी तीच हुकते.

संध्याकाळी सहापर्यंत तंबूत आवाजावर मर्यादा असते, ८५ डेसिबल, आणि तोवर पितळी वाद्यांचं पारंपरिक संगीत वाजतं. २००५ पासूनचा हा नियम आहे, जत्रा केवळ दंगेखोरांची होऊ नये म्हणून केलेला. सहानंतर पॉप गाणी सुरू होतात आणि सगळे बाकड्यांवर चढतात. बाकड्यावर उभं राहणं चालतं, टेबलावर नाही. टेबलावर चढून अख्खा मग एका दमात रिचवणाऱ्याला गर्दी टाळ्या देते आणि सुरक्षारक्षक थेट दाराबाहेर नेतो.

कुठल्या तंबूत जायचं? मला विचाराल तर ऑगस्टिनर. या मैदानावर बिअर फक्त म्युनिकच्या सहा ब्रुअऱ्यांची असते: ऑगस्टिनर, हाकर-प्शोर, होफब्रॉय, लोव्हेनब्रॉय, पाउलानर आणि श्पाटेन. त्यांतली ऑगस्टिनर आजही तिच्या तंबूत लाकडी पिंपातून ओतली जाते, आणि तिथे स्थानिक माणसं जास्त, आरडाओरडा कमी. शोटेनहामेल तरुणांचा. पहिल्या शनिवारी दुपारी बाराला महापौर पहिलं पिंप फोडतात ते तिथेच, ही प्रथा १९५० पासूनची. हाकरच्या तंबूचं छत ढगांसारखं रंगवलेलं आहे, फोटो तिथे काढा. कुठेच जागा नसेल आणि पाऊस नसेल तर तंबूबाहेरचं बिअर गार्डन बघा. तिथे माणसं लवकर उठतात.

जागा मिळाली की वेट्रेसकडे नीट बघा आणि ती लक्षात ठेवा, कारण त्या टेबलाची तीच. दुसरीला हाक मारून उपयोग नाही. बाहेरच्यांना ठाऊक नसतं ते हे, की ती काउंटरवरून बिअर आधी स्वतःच्या हिशोबात विकत घेते आणि मग तुम्हाला विकते. तुम्ही पैसे बुडवलेत तर तंबूचं काही जात नाही, तिचं जातं. म्हणून मग टेबलावर आला की लगेच पैसे द्यायचे, दरवेळी. रिकामा मग सव्वा किलोच्या पुढे, त्यात किलोभर बिअर. असे दहा-बारा मग दोन हातांत घेऊन ती गर्दीतून येते आणि शिट्टी वाजवते तेव्हा बाजूला व्हा, फोटो नंतर. पहिल्या फेरीला माणशी दोन युरो वर ठेवा. दुसरी फेरी किती लवकर येते ते बघा. त्यासाठी बसण्याआधीच काँट्री काढून रोख पैसे एकाच्या खिशात द्या. काही तंबूंत कार्ड चालतं, पण दर फेरीला सहा जण कार्ड पुढे करू लागले तर ती तुमच्याकडे पाठ फिरवेल, आणि बरोबरच करेल.

एका मगाला मास म्हणतात, एक लिटर. २०२५ साली तंबूनुसार १४.५० ते १५.८० युरो होता, दर वर्षी थोडा चढतो. काचेवर लिटरची रेघ असते. फेस बसल्यावर बिअर रेघेच्या बरीच खाली राहिली तर ओतून मागायचा तुम्हाला हक्क आहे. कमी ओतणाऱ्यांविरुद्ध म्युनिकमध्ये रीतसर संघटना आहे, चेष्टा नाही. पण शनिवारी रात्री भांडू नका, शुक्रवारी दुपारी हसून सांगा.

आणि आता ज्याच्यापायी पाहुणे आडवे होतात ते. ही बिअर खास या जत्रेसाठी केलेली असते, सुमारे सहा टक्के अल्कोहोलची. चवीला हलकी, किंचित गोडसर, घशाला लागत नाही. पण एका लिटरमध्ये जेवढं अल्कोहोल आहे ते आपल्याकडच्या ६५० मिलीच्या स्ट्राँग बाटलीपेक्षा थोडं जास्तच भरतं. बँड दर पंधरा-वीस मिनिटांनी तेच एक कडवं वाजवतो, सगळा तंबू उभा राहून मग आपटतो आणि पितो. प्रत्येक वेळी मोठा घोट घ्यायचं बंधन नाही, ओठ लावले तरी चालतं. आपटताना मगाचा खालचा जाड भाग आपटा, वरचा काठ फुटतो. कान धरण्यापेक्षा त्यातून पंजा आत घालून मग तळहाताने धरला की मनगट दुखत नाही. शिवाय समोरच्याच्या डोळ्यांत बघून प्या. नजर चुकवणं इथे उद्धटपणा धरतात. दुपारभरात दोन मास पुरे. तिसरा मागवाल तेव्हा मधे तासभर आणि पोटात काहीतरी असू द्या. तंबूतलं बाटलीचं पाणी महाग आहे, पण मैदानात आता पिण्याच्या पाण्याचे फुकट नळ बसवलेत, ते शोधून ठेवा.

तंबूंच्या मागे बाव्हारिया पुतळ्याकडे चढणारा गवताचा उतार आहे. शनिवारी संध्याकाळी तिथे शेकडो तरुण चादरीसारखे पसरलेले असतात. लोकांनी त्या उताराला ठेवलेलं नाव मी इथे लिहीत नाही, ओकाऱ्यांवरून आहे एवढं सांगतो.

शाकाहारी दोघांची काळजी नको, फक्त विचारून घ्या. केझेश्पेट्झल म्हणजे भरपूर चीज आणि वर तळलेला कांदा घातलेले मऊ पिठाचे तुकडे, पोटभरीचं. ओबाट्झदा म्हणजे मुरलेलं चीज, लोणी, लाल तिखट नव्हे तर पॅप्रिका आणि कांदा असं कालवून केलेलं. डोक्याएवढ्या ब्रेझेलला, म्हणजे गाठ मारलेल्या पावाला, लावून खायचं. रायबरदाची म्हणजे बटाट्याच्या किसाचे थालीपिठासारखे कुरकुरीत तळलेले प्रकार, सोबत सफरचंदाची गोड चटणी. बटाट्याच्या सॅलडमध्ये मात्र बऱ्याचदा मांसाचं पाणी असतं, कोबीत बेकन असू शकतं, आणि केझेश्पेट्झल, काइझरश्मारन (गोड धिरड्याचे तुकडे) यांत अंडं असतंच. अंडं न खाणाऱ्याला ब्रेझेल आणि मुळा. हो, मुळा. पांढरा मुळा यंत्राने सुरळीसारखा कापून वर मीठ टाकतात, त्याला पाणी सुटतं आणि तो बिअरसोबत असा लागतो की आपण घरी मुळ्याचं फक्त भरीतच का करत बसलो, असं वाटतं. मांस खाणाऱ्यांनी अर्धी कोंबडी घ्यावी, पंधरा-वीस युरोंच्या आसपास, कातडी कुरकुरीत, पोटात पार्सली भरलेली. किंवा फिशर-फ्रोनीच्या तंबूबाहेर काठीला लावून निखाऱ्यांवर भाजत असलेला मासा. कोकणातल्या माणसाला तो मीठ-मसाल्याला कमी वाटेल, पण धुरकट वास जिंकतो. आणखी एक: ही जत्रा गणपती, पितृपंधरवडा किंवा नवरात्र यांपैकी कशाला तरी दरवर्षी भिडतेच. गटात कुणाचे नवरात्र असेल तर आधी विचारा, तिथे बसल्यावर नव्हे.

न पिणाऱ्याला बिनअल्कोहोलची बिअर, सफरचंदाची सोडा घातलेली शोर्ले किंवा कोला-संत्र्याचा श्पेझी मिळतो. कुणी भुवई उंचावत नाही. उलट पाळण्यांच्या रांगेत त्याला सगळ्यात मजा येईल. टोबोगान नावाची एक जुनी घसरगुंडी आहे, तिथे वीस मिनिटं तरी नुसते उभे राहा. वर जायला सुरुवातीला जिना नाही, वेगाने सरकणारा पट्टा आहे. पहिला माणूस आत्मविश्वासाने पाय ठेवतो, पाय पुढे जातात, धड मागे राहतं, आणि तो पाठीवर पडून हात-पाय हवेत धरून वर वाहून नेला जातो. बाजूचे दोन मदतनीस अशा सराईतपणे त्याची बखोट धरतात की पडणारा स्वतःच हसायला लागतो. खाली दोनशे माणसं जमलेली. त्यांतल्या बहुतेकांनी तिकीट काढलेलं नसतं. टॉयफेल्सराड म्हणजे फिरती तबकडी, १९१० पासून आहे. तिच्यावर बसून शेवटपर्यंत टिकायचं. शिष्टलचा जादूचा खेळ १८६९ पासूनचा, त्यात रोज प्रेक्षकांतल्या कुणाचं तरी मुंडकं उडवतात. तो माणूस नंतर चालत घरी जातो.

आता शनिवार. तुमचा शनिवार बहुधा मधला असेल, आणि मधला म्हणजे इटालियन लोकांचा; आल्प्स ओलांडून कॅम्पर गाड्या भरभरून येतात. २७ सप्टेंबर २०२५ च्या शनिवारी गर्दी इतकी झाली की तंबूच नव्हे, अख्खं मैदानच काही वेळ बंद करावं लागलं. शनिवारी बिअर सकाळी नऊला सुरू होते. दारं उघडायच्या आधीपासून लोक पळायच्या पवित्र्यात उभे असतात, आणि दहा-अकरापर्यंत मोठे तंबू भरून दारावर 'बंद'ची पाटी लागते. त्यानंतर सहा जणांची जागा शोधणं म्हणजे अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रोडवर गाडी लावायला जागा शोधणं. सकाळी आठला रांगेत उभं राहून नऊला लिटरभर बिअर प्यायची हौस असेल तर जरूर जा. मी पाहुण्यांना त्या दिवशी शहराबाहेर नेतो.

एस-आठ लोकलने हेरशिंगला जायचं, तिथून जंगलातल्या ओढ्याकाठच्या वाटेने तासा-सव्वातासात आंडेक्सचा मठ. बेनेडिक्टाइन साधूंचा मठ आहे, स्वतःची ब्रुअरी आहे, गच्चीवर लाकडी टेबलं आहेत आणि बिअर वीझनच्या मानाने बरीच स्वस्त. (वीझन म्हणजे कुरण; म्युनिकचा माणूस ऑक्टोबरफेस्ट म्हणत नाही, वीझनला जातो म्हणतो.) शनिवारी तिथेही गर्दी असते, पण बसायला मिळतं. उतरताना बस घ्या. पायवाटेवर मुळं आहेत.

शहर सोडायचंच नसेल तर मैदानाच्या दक्षिण टोकाला ओइडे वीझन, म्हणजे जुनी जत्रा. २०१० ला दोनशे वर्षांच्या निमित्ताने सुरू केली आणि लोकांना इतकी आवडली की राहिली. चार युरो प्रवेश, मातीचे मग, जुने पाळणे, नाचणारी म्हातारी जोडपी. ज्या वर्षी त्या जागी कृषी प्रदर्शन भरतं त्या वर्षी ती नसते, तेवढं आधी तपासा.

रविवारी सकाळी साडेनऊला पुन्हा मैदानात. रात्रीचे वीर झोपलेले असतात, कुटुंबं येतात, तंबूत झाडलोट केल्याचा वास असतो. पहिला रविवार असेल तर दहाला पारंपरिक पोशाखांची मिरवणूक निघते, हजारो माणसांची; मधला रविवार असेल तर अकराला बाव्हारियाच्या पायऱ्यांवर सगळ्या तंबूंचे बँड एकत्र वाजवतात. पावसाने रद्द होऊ शकतं, पण झालं तर चुकवू नका. इथेच, याच मैदानावर १८१० च्या ऑक्टोबरात युवराज लुडविग आणि तेरेझच्या लग्नानिमित्त घोड्यांची शर्यत झाली होती, त्यातून हे सगळं उगवलं. मैदानाचं नाव, तेरेझिएनवीझे, त्या नवरीचं.

सामानाचं: तीन लिटरपेक्षा मोठी बॅग आत नेऊ देत नाहीत, म्हणजे २० बाय १५ बाय १० सेंटिमीटर. लॅपटॉपची पाठपिशवी घेऊन शुक्रवारी थेट स्टेशनवरून येऊ नका. काचेची बाटलीही नाही. गांजा जर्मनीत २०२४ पासून कायदेशीर असला तरी इथे मनाई आहे. मग उचलून नेणं ही चोरी. दरवर्षी बाहेर पडताना हजारो जणांकडून काढून घेतात. हवा असेल तर विकत घ्या आणि पावती हातात ठेवा. मैत्रिणी सोबत असतील तर बाव्हारियाच्या पायथ्याशी सेवा केंद्रात स्त्रियांसाठी सुरक्षित जागा असते, फोन संपला, मित्र हरवले, कुणी मागे लागलं, कशासाठीही. ती आधीच दाखवून ठेवा. लेदरहोझनची सक्ती नाही. शंभर युरोंची पातळ चामड्याची चड्डी घेण्यापेक्षा चेक्सचा शर्ट आणि जीन्स बरी दिसते.

तेरेझिएनवीझे स्टेशनवर उतरू नका, संध्याकाळी तर मुळीच नाही. श्वांटालरहोए नाहीतर ग्योटेप्लाट्झला उतरून चाला, किंवा लोकलने हाकरब्र्यूके. परतताना इ-स्कूटर दिसेल, दोन मिनिटांत हॉटेल. हात लावू नका. तिला मोटारीचेच नियम आहेत: रक्तात अल्कोहोल हजारी ०.५ असेल तर दंड आणि बंदी, १.१ ला फौजदारी गुन्हा. जर्मनीत नोकरी करणाऱ्याने लायसन्स यापायी घालवलेलं मी पाहिलंय, आणि त्याला पुढे कंपनीची गाडी परत करावी लागली.

खर्च माणशी, जत्रेच्या एका दिवसाला: दोन मास, जेवण, एखादा पाळणा आणि टिप धरून ७० ते ८० युरो. आंडेक्सचा दिवस त्याच्या निम्म्यात. खरा खड्डा हॉटेलचा, त्या दिवसांत भाव दोन-तीन पटींनी चढतात. अजून मिळालं नसेल तर म्युनिक सोडा आणि आउग्सबुर्ग, लांड्सहूट किंवा इंगोलश्टाट बघा. आउग्सबुर्गहून साध्या गाडीने पाऊण तास. फ्रँकफर्टच्या चौघांकडे डॉइचलांडतिकीट (देशभरातल्या साध्या गाड्यांचा मासिक पास) असेल तर हा प्रवास त्यातच. नेदरलँड्सच्या दोघांना बायर्न-तिकीट (या राज्यातल्या साध्या गाड्यांचं दिवसाचं तिकीट) काढा, दोघांत एक. शुक्रवारी ते सकाळी नऊनंतर चालतं, शनिवार-रविवारी दिवसभर. रात्रीची शेवटची गाडी कितीची, ते मात्र पहिला मास येण्याआधी बघून ठेवा.